जुना इन्स्टॉलेशन टेस्टर: अर्ध्या तासात काय तपासावं?

देवगड_वायरिंग
मल्टिफंक्शन इन्स्टॉलेशन टेस्टर, म्हणजे वायरिंग तपासायचं यंत्र, जुना मिळतोय. कंटिन्युइटी (वायर सलग आहे का), मेगरिंग (इन्सुलेशनचा रोध), लूप (फेज ते अर्थ पूर्ण वाटेचा रोध), आरसीसीबीचा (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचा) ट्रिप टाइम, सगळं एकात. यंत्र मूळचं इंग्लंडचं, त्यामुळे प्लग चौकोनी पिनांचा. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट ३ वर्षांपूर्वीचं. काम घरगुती वायरिंग आणि होमस्टेचं, किनाऱ्यावर आणि सड्यावर (जांभ्याच्या पठारावर). विकणारा चिपळूणला अर्धा तास हाताळू देणार आहे. सोबत काय नेऊ, आणि कुठलं रीडिंग चुकलं तर सरळ माघारी यावं?

ओहम_रत्नागिरी
रेझिस्टर, मल्टिमीटर आणि स्वतःच्या नव्या अल्कलाइन बॅटऱ्या न्या. रेझिस्टर १ टक्का टॉलरन्सचे, मेटल फिल्म, अर्ध्या वॅटचे: १ ओहमचा एक, २०० किलोओहमचे पाच, १०० किलोओहमचे सहा. पाचांची एक माळ आणि सहांची एक माळ सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. १ मेगओहमसाठी पाव वॅटचा एकच रेझिस्टर लावू नका. तो बहुधा २५० व्होल्टपुरताच असतो, ५०० व्होल्टवर त्याचा भरवसा नाही आणि दोष टेस्टरच्या माथी जातो. माळेत प्रत्येकावर १०० व्होल्टच येतात.

आधी बॅटरीचा कप्पा उघडा. स्प्रिंगवर हिरवट-पांढरं काही दिसलं तर ते बोर्डापर्यंत गेलंय का ते बघा. मग लीड शॉर्ट करून नल करा (लीडचा स्वतःचा रोध वजा करून आकडा शून्यावर आणा) आणि वायर प्लगच्या मुळाशी व प्रोबच्या मुळाशी वाकवून हलवा. आकडा नाचला तर लीड आतून तुटत आलीय. १ ओहमवर १.०० च्या आसपास यायला हवं. मल्टिमीटर १० अँपिअर रेंजला सिरीजमध्ये टाकून करंटही बघा, किमान २०० मिलिअँपिअर मिळालेच पाहिजेत.

आता मेगरिंग, ५०० व्होल्टवर. पाचांच्या माळेवर ०.९५ ते १.०५ मेगओहम आलं तर ठीक. पण खरी परीक्षा सहांच्या माळेवर आहे. तिला समांतर मल्टिमीटर लावा, डीसी १००० व्होल्ट रेंज. मीटरचे स्वतःचे १० मेगओहम धरून भार होतो सुमारे ५६६ किलोओहम, म्हणजे ०.८८ मिलिअँपिअर. टेस्टरने १ मिलिअँपिअरपर्यंत ५०० व्होल्ट धरायचे असतात, म्हणून इथे आकडा ५०० च्या खाली उतरला तर यंत्र घेऊ नका. हलक्या भारावर असं यंत्र बरोबरच दाखवतं, त्यामुळे हा दोष सहसा कोणी पकडत नाही. बटण दाबलेलं असताना माळेला हात नको.

कुडाळ_पॅनेल
वरचं सगळं बरोबर, पण आपल्याकडे आरसीडी फंक्शनला, म्हणजे आरसीसीबी तपासणाऱ्या भागाला, सगळ्यात जास्त वजन द्या. जांभ्यात अर्थिंगचा रोध खाली येत नाही. लूप ४० ओहम आला तर फॉल्ट करंट २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर. त्यावर १६ अँपिअरची एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारा स्विच) पडत नाही. माणूस वाचतो तो आरसीसीबीमुळे, आणि ती वेळेत पडते की नाही हे सांगणारं यंत्रच खोटं बोलत असेल तर बाकी फंक्शन काय कामाची?

३० मिलिअँपिअरच्या दोन नव्या आरसीसीबी फळीवर बसवून, कव्हर लावून न्या. टेस्टर दोन लीडच्या जोडणीत ठेवा: एक लीड आउटगोइंग फेजवर, दुसरी इनकमिंग न्यूट्रलवर. करंट आरसीसीबीच्या बाहेरून परततो, त्यामुळे तिथली अर्थिंग कशीही असली तरी फरक पडत नाही. आउटगोइंगला कुठलाही लोड नको. अर्ध्या करंटला पडता कामा नये, पूर्ण करंटला ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाचपटीला ४० च्या आत. ० आणि १८० अंश (एसी लहरीच्या कुठल्या अर्ध्या भागापासून चाचणी सुरू होते ते) दोन्ही घ्या. रॅम्पमध्ये (करंट हळूहळू वाढवत नेणाऱ्या चाचणीत) १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मध्ये पडली पाहिजे. एकीवर रीडिंग विचित्र आलं तर दुसरीवर घ्या. दोन्हींवर सारखंच चुकलं तर दोष टेस्टरचा.

लूपसाठी एकाच सॉकेटवर पाच वेळा मोजा. आकडे एकमेकांना चिकटून आले पाहिजेत. मेन्सवर रेझिस्टर लावून लूप तपासायचं घरगुती जुगाड मात्र कोणी करू नका.

खारीहवा
मेगरिंगला आणखी एक. दोन्ही लीड हवेत मोकळ्या लटकवून ५०० व्होल्ट द्या, ओव्हररेंज (मोजता येणार नाही इतका जास्त रोध) यायला हवं. १००-२०० मेगओहम दाखवलं तर लीड काढून नुसत्या यंत्रावर घ्या. आता ओव्हररेंज आलं तर लीड मळक्या किंवा दमट, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून भागेल. तरीही तेवढंच दाखवलं तर सॉकेटात किंवा बोर्डावर मीठ आणि ओल बसलीय. किनाऱ्यावर राहिलेलं यंत्र असेल तर ही तपासणी एसीच्या खोलीत करू नका, तिथे ओल लपते.

देवगड_वायरिंग
आभारी आहे. प्लगचं काय करू? बाजारातला युनिव्हर्सल अडॅप्टर चालेल?

कुडाळ_पॅनेल
नको. बऱ्याच युनिव्हर्सल अडॅप्टरांत अर्थ पिन जोडलेलीच नसते, आणि असली तरी सैल बसते. तो कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स लूपमध्ये मिळतो. त्या टेस्टरची तीन सुट्या वायरींची लीड मिळते, तिच्यावर फ्यूजवाले प्रोब आणि क्रोकोडाइल क्लिप लावा. ही लीड सोबत नसेल तर तिची किंमत आणि एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबमधल्या कॅलिब्रेशनचा खर्च मागितलेल्या रकमेतून वजा करून बोला. लॅबला सांगा, ॲडजस्ट करण्याआधीची रीडिंगही सर्टिफिकेटवर हवीत. आणि जुन्या सर्टिफिकेटवरचा सिरीयल नंबर यंत्राच्या पाठीवरच्या नंबरशी जुळतोय ना, ते पैसे देण्याआधीच बघून घ्या.