मदत हवी आहे : सहा जणांचे प्रवास-अर्ज परत येताहेत, कार्यशाळा 13 दिवसांवर

किनारा
नमस्कार. घाईत लिहितेय. केनियातल्या मोंबासाची कार्यशाळा 13 दिवसांवर आलीय आणि सहा जणांचे अर्ज सिस्टीममधून परत येताहेत. तीनदा टाकले, तीनदा परत. "नोंद आधीपासून आहे" एवढाच निरोप. तिकिटं निघत नाहीत, आणि तिकिटांशिवाय हॉटेलवाला खोल्या धरून ठेवत नाही. कुणी यातून गेलंय का? आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय.

कोकणकडा
कसली कार्यशाळा, कोणती सिस्टीम, माणसं कुठली? काहीच कळत नाहीये. जरा सविस्तर लिहा.

विद्याधर_ठाणे
इतकं डोक्याला लावून घेऊ नका. चांगला ट्रॅव्हल एजंट गाठा, पासपोर्टच्या प्रती द्या, दोन तासांत तिकिटं हातात. आमच्या कंपनीचं सगळं असंच चालतं.

किनारा
@विद्याधर, एजंट आहेच. पण अर्ज मंजूर झाल्याशिवाय तो तिकीट काढू शकत नाही.
@कोकणकडा, सागरी गुन्ह्यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे, संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. मी नैरोबीत प्रशासन सहायक आहे, कंत्राटावर. सिस्टीम संस्थेचीच, आधी माणसाची नोंद करायची आणि मग प्रवासाचा अर्ज. संशयित जहाजावर चढून झडती कशी घ्यायची आणि पुरावा कोर्टात टिकेल असा कसा जपायचा, याचं प्रशिक्षण. 23 जण येणार, सगळे तटरक्षक दल किंवा नौदलाचे.

सुमेधा_कोलंबो
ताई, मी अशाच कामात पाच वर्षं काढली आहेत. तीन गोष्टी सांगा. हे सहा जण तुमचे कर्मचारी की सरकारांनी पाठवलेले पाहुणे? कुठल्या देशांचे? आणि यांतलं कुणी पूर्वी अशा प्रशिक्षणाला येऊन गेलंय का?

जुना_पर्सर
सुमेधाताईंचा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे.
मला मात्र एक विचारायचंय. 13 दिवस उरले असताना अर्ज का टाकताय? प्रवासाची कागदपत्रं महिनाभर आधी हलली पाहिजेत. मी 22 वर्षं जहाजावर होतो. क्रू बदलायचा तर दोन बंदरं आधीपासून तयारी असे.

किनारा
सरकारांनी नावंच मागच्या आठवड्यात पाठवली, दादा. त्याआधी मी अर्ज कुणाच्या नावाने टाकणार?
सुमेधाताई, सगळे पाहुणे. चार सोमालियाचे, दोन श्रीलंकेचे. पूर्वी आलेत का ते माहीत नाही, यादीत तसं काही नाही.

सुमेधा_कोलंबो
मग उत्तर बहुधा तिथेच आहे. हे लोक पूर्वी आले असणार आणि त्यांची जुनी नोंद दुसऱ्या स्पेलिंगने पडून असणार. तुम्ही नवी नोंद करायला जाता तेव्हा जन्मतारीख किंवा बँक खातं जुळतं आणि सिस्टीम अडवते. नवी करूच नका. जुनी शोधा आणि तिच्यातच नवा पासपोर्ट क्रमांक घालून घ्या.
आता सोमाली नावांबद्दल. त्यांची अधिकृत रोमन लिपी 1972 पासूनची. तीत आपल्याला "अली" ऐकू येतो तो सी ने सुरू होतो, आणि "महंमद"मधला ह एक्स ने लिहितात. कुणी सोमाली पद्धतीने लिहितं, कुणी इंग्रजी. त्यात आडनाव नाहीच, स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं अशी तीन नावं. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना भरायचा म्हणून कुणी आजोबांचं घालतं, कुणी वडिलांचं. चौघांना चारही प्रकारे शोधून पाहा. श्रीलंका सरकारने नावं कळवलेल्या पत्रात हुद्दा आणि आद्याक्षरं असतात आणि पासपोर्टवर पूर्ण लांबलचक नाव, तिथे जन्मतारखेवरून शोधा.

कोकणकडा
एक शंका. चाचेगिरी संपली ना आता? 2023 पासून हिंदी महासागरातला "अतिधोक्याचा पट्टा" काढून टाकला असं वाचलं होतं. मग या कार्यशाळा कशाला?

जुना_पर्सर
संपली म्हणता? त्याच वर्षी डिसेंबरात चाच्यांनी एमव्ही रुएन हे मालवाहू जहाज पळवलं. मार्च 2024 मध्ये आपल्या आयएनएस कोलकातानं 17 खलाशी सोडवले आणि 35 चाचे पकडले. 23 मार्चला त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. पट्टा कागदावरून काढला म्हणून समुद्र शांत होत नाही.

विद्याधर_ठाणे
बरोबर. पण कार्यशाळांनी चाचे थांबत नाहीत, युद्धनौकांनी थांबतात.

सुमेधा_कोलंबो
युद्धनौका पकडते. पुढे? पकडलेल्याला कोर्टात उभं करावं लागतं, साक्षीदार आणावे लागतात, सोमाली दुभाषी लागतो, पुराव्याची साखळी, म्हणजे तो कुणाकडून कुणाकडे गेला याची नोंद, लागते. केनियात 2009 मध्ये या कामाची सुरुवात झाली तीच मुळी पकडून आणलेल्या चाच्यांचे खटले चालवायला मदत म्हणून. मोंबासात शिमो ला तेवा तुरुंगाच्या आवारात 2010 मध्ये त्यासाठी खास न्यायालय उभं राहिलं. आपल्याकडेही 1999 मध्ये चाच्यांनी पळवलेलं अलोंड्रा रेनबो जहाज पकडलं तेव्हा चाचेगिरीसाठी वेगळा कायदाच नव्हता. तो संसदेने मंजूर केला 2022 मध्ये. ज्या अधिकाऱ्याला पुरावा कसा हाताळायचा हे माहीत नसतं, त्याचा आरोपी सुटतो. आणि तो अधिकारी मोंबासाला पोचायचा की नाही, हे किनाराताईंच्या अर्जावर अडलंय.

किनारा
हे वाचून बरं वाटलं, खरंच. इथे सगळे म्हणतात, "तुझं काय, तिकिटं काढायची."
शोधतेय. दोघे सापडले! एकाचं नाव "आब्दी" असं दोन वेगळ्या स्पेलिंगने आहे.

मधुरा_पुणे
ताई, विषयांतराबद्दल माफी. माझ्या मुलाने एम.ए. राज्यशास्त्र केलंय. अशा कार्यक्रमात नोकरी कशी मिळते? मराठी माणसं घेतात का?

जुना_पर्सर
मधुराताई, नवा धागा काढा. इथे आग लागलीय.
किनारा, तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगतो. भारतातून कुणी येतंय का?

किनारा
हो, मुंबईचे एक निवृत्त तटरक्षक अधिकारी, शिकवायला. त्यांचं तिकीट निघालंय.

जुना_पर्सर
पिवळ्या तापाची लस घेतलीय का त्यांनी? केनियात शिरताना बहुधा कुणी विचारणार नाही. पण केनियाहून भारतात परतताना विचारतात. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो.

विद्याधर_ठाणे
मी दोनदा नैरोबीला जाऊन आलो, कुणी विचारलं नाही. उगाच घाबरवू नका.

जुना_पर्सर
विचारलं नाही हे तुमचं नशीब, नियम तो नव्हे. माझ्या एका जोडीदाराला मुंबईत उतरल्यावर तसंच बसवून ठेवलं होतं. लस एकदाच, दाखला जन्मभर चालतो. श्रीलंकेच्या दोघांनाही हेच सांगा, तिथेही केनियाहून आलेल्यांना दाखला विचारतात.

किनारा
मुंबईला फोन केला. त्यांनी घेतली नव्हती. "केनियाला लागत नाही" असं कुणीतरी सांगितलं होतं. उद्या सकाळी जातील.

सुमेधा_कोलंबो
छान झालं. अजून एक. हॉटेल तुम्ही देताय ना? मग दैनिक भत्ता पूर्ण टाकू नका. राहणं दिलं की अर्धा कापला जातो, जेवण दिलं तर आणखी. आत्ता पूर्ण टाकलात तर कार्यशाळेनंतर 23 जणांकडून पैसे परत मागत बसाल.

विद्याधर_ठाणे
पाहुण्यांना कापून देणं बरं दिसत नाही. पूर्ण द्यावं.

सुमेधा_कोलंबो
विद्याधरदादा, पैसा देणगीदार देशांचा आहे, आपला नाही. पूर्ण देऊन मग वसूल करणं जास्त वाईट दिसतं. पहिल्याच दिवशी छापील कागदावर हिशेब हातात द्या, कुणी काही बोलत नाही.

किनारा
संध्याकाळ झाली. सहांपैकी पाच सापडले, तिघांचे अर्ज पुढे गेले, दोन मंजुरीला आहेत. भत्त्याचा आकडा दुरुस्त केला. सहावे सोमालियाचेच. त्यांची जन्मतारीख पासपोर्टवर 1 जानेवारी आहे आणि जुन्या नोंदींत त्या तारखेचे डझनभर लोक निघतात.

सुमेधा_कोलंबो
जन्माची नोंदच नसली की सर्रास 1 जानेवारी लिहितात. त्यांना फोन करा आणि पूर्वी कुठल्या गावी, कुठल्या साली प्रशिक्षणाला गेले होते तेवढंच विचारा. त्या वर्षीच्या हजेरीपटावरून नाव मिळेल.

किनारा
करते. मोगादिशूची वेळ आमचीच आहे, ऑफिस सुटायच्या आत उचलतात का बघते.