मदत हवी आहे : परदेशी भाडेकरूने मोबाइलचे लोकेशन सतत कळवत राहावे, ही सक्ती कायदेशीर आहे का?

नमस्कार. कायदा, पोलीस खाते किंवा मोबाइल तंत्रज्ञान यांची माहिती असणाऱ्या सभासदांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. मजकूर थोडा लांबला आहे, पण तपशील न देता विचारले तर उत्तरेही मोघम येतील, म्हणून सविस्तर लिहितो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे घर आहे. येथील तालीम मंडळांच्या फुटबॉल संघांतून परदेशी खेळाडू, विशेषतः नायजेरियाचे, खेळतात हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहेच. बाहेरच्यांसाठी एवढेच सांगतो, की हंगाम सुरू झाला की हे तरुण शाहू स्टेडियमच्या आसपासच्या पेठांत खोली घेऊन राहतात आणि बघता बघता पेठेचेच होऊन जातात. आमच्या वरच्या मजल्यावर सध्या असाच एक नायजेरियन खेळाडू भाड्याने राहतो. तो राहायला आला त्याच दिवशी मी त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा पाहून ऑनलाइन सी फॉर्म भरला, कारण परदेशी व्यक्ती मुक्कामाला आल्यापासून २४ तासांत ती माहिती देणे हे हॉटेलवाल्याइतकेच घरमालकावरही बंधनकारक आहे. त्याची स्वतःची नोंदणीही झालेली आहे. आपल्याकडे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात आणि १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत नोंदणी करायची असते. म्हणजे त्याचे नाव, छायाचित्र, पत्ता, व्हिसाचा प्रकार आणि मोबाइल क्रमांक सरकारकडे आहे, आणि तो असण्याबद्दल त्याची किंवा माझी काहीही तक्रार नाही.

अडचण त्यानंतर सुरू झाली. ज्या मध्यस्थाने त्याच्या राहण्याची आणि कागदपत्रांची व्यवस्था केली, त्याने असा निरोप दिला, की परदेशी नागरिकांवर सरकार आता मोबाइलवरूनच लक्ष ठेवते, तसा नियमच झालेला आहे. तेव्हा या मुलाने त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर लाइव्ह लोकेशन चालू ठेवावे, सोबत पाठवलेल्या लिंकवरून एक अ‍ॅप फोनमध्ये घ्यावे, आणि हे दोन्ही चालू आहे की नाही याची मी घरमालक म्हणून रोज खात्री करावी. तसे न केल्यास ‘वर कळवावे लागेल’ असेही त्याने सुनावले. हा आदेश कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या कलमाखाली आणि कोणाच्या सहीचा, असे मी विचारले तेव्हा ‘तोंडी आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

मुलाने आधी निमूटपणे लोकेशन सुरू केले. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, म्हणून हे काय प्रकरण आहे ते मला दिसले. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालते, त्यामुळे सकाळी सुरू केले की दुपारी पुन्हा सुरू करावे लागते. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे त्याला माहीत नाही. निम्मे क्रमांक नावाशिवाय आहेत. संध्याकाळी तो सरावाला जाताना मिरजकर तिकटीजवळच्या औषधाच्या दुकानापाशी थांबला, आणि दोनच मिनिटांत ग्रुपवर प्रश्न आला, की मेडिकलमध्ये काय काम आहे? गुडघ्याला लावायचे मलम घ्यायला थांबलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आणि कसा मिळाला, हे मला अजून उमगलेले नाही. अ‍ॅप मात्र त्याने घेतले नाही. ते नेहमीच्या प्ले स्टोअरवर नाही. लिंक उघडल्यावर फोनच धोक्याची सूचना देतो, आणि पुढे गेल्यास लोकेशन ‘सर्व वेळ’, संपर्क यादी, कॉलची नोंद आणि मायक्रोफोन अशा चार परवानग्या मागितल्या जातात. त्याने मला विचारले, की संघातल्या इतर मुलांनाही हे करावे लागते का. मला ‘नाही’ म्हणावे लागले, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

जगभर असेच चालते, असेही मध्यस्थाचे म्हणणे होते, म्हणून मी जमेल तेवढे वाचले. थायलंडच्या दूरसंचार आयोगाने ऑगस्ट २०१६ मध्ये परदेशी पर्यटकांना वेगळे सिम कार्ड द्यावे आणि त्याचे लोकेशन बंद करता येऊ नये, असा प्रस्ताव मांडला होता हे खरे आहे. चीनच्या शिनजियांग सीमेवर प्रवाशांचे फोन ताब्यात घेऊन त्यांत माहिती उपसणारे अ‍ॅप टाकले जाते, हे २०१९ मध्ये पत्रकारांनी उघड केले. पण उलट बाजूही आहे. जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांचे मोबाइल सरसकट तपासण्याची पद्धत तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा ठरवली, आणि ब्रिटनमध्ये स्थलांतरितांना जीपीएसचे कडे बांधून त्यांच्यावर चोवीस तास पाळत ठेवण्याच्या प्रयोगाबद्दल तेथील माहिती आयुक्तांनी मार्च २०२४ मध्ये गृहखात्यावर ठपका ठेवला. म्हणजे जगभर असे चालते हे अर्धेच खरे आहे. जगभर याविरुद्ध लोक उभेही राहतात. माझी पुतणी जर्मनीत शिकते. तिच्या घरमालकाने तिला रोज लोकेशन पाठवायला सांगितले असते, तर आमच्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नसता. जी गोष्ट आपल्या मुलीबाबत आपल्याला सहन होणार नाही, ती माझ्या छताखाली राहणाऱ्या परक्याच्या मुलाबाबत मी होऊ द्यावी का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आता नेमके विचारतो. परदेशी नागरिकाने मोबाइलचे लोकेशन सतत कळवत राहावे, अशी तरतूद भारतातील कोणत्या कायद्यात आहे का? घरमालकाची जबाबदारी सी फॉर्म आणि भाडेकरूची माहिती देण्यापर्यंतच आहे, की त्याच्या हालचालींची खातरजमा करणेही तिच्यात येते? उद्या खरोखरच एखाद्या अधिकृत कार्यालयातून असे सांगण्यात आले, तर कायदा पाळूनही या मुलाचा खासगीपणा जपण्याचा मार्ग कोणता? आणि त्याच्या व्हिसाला धक्का लागणार नाही अशा रीतीने नकार कसा कळवावा? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझे फार काही बिघडणार नाही. बिघडले तर त्याचे बिघडेल.

प्रतिसाद, शाहूपुरीतील एक सभासद

आमचे लॉज आहे. अंबाबाईच्या दर्शनाला, चपलांच्या खरेदीला आणि आता चप्पल कारागिरांना भेटायलाही परदेशी पाहुणे येतात. प्रत्येकाचा सी फॉर्म भरतो, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत ठेवतो, नोंदवहीत सही घेतो. पाहुण्याचे लोकेशन पाठवा, असे आम्हाला आजवर कोणीही सांगितलेले नाही. पोलीस चौकशीला आले तर आमची वही बघतात. पाहुण्याच्या फोनला हात लावत नाहीत.

प्रतिसाद, वकिली करणारी एक सभासद

दादा, आपण सर्व तपशील दिलात हे बरे झाले. ओळीने उत्तर देते, मात्र याला प्रत्यक्ष कायदेशीर सल्ल्याचा पर्याय समजू नये.

परदेशी नागरिकांबाबतचा १९४६ चा जुना कायदा आणि त्यासोबतचे आणखी तीन कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आहे. मुक्कामाची जागा देणाऱ्याने माहिती देण्याचे बंधन त्यातही कायम आहे. परदेशी व्यक्तीने कोठे राहावे, कोणापुढे हजर व्हावे, ओळखीचा कोणता पुरावा द्यावा याबाबत आदेश काढण्याचे व्यापक अधिकार केंद्र सरकारला आहेत, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. देशात कोठेही मुक्तपणे फिरण्याचा अनुच्छेद १९ मधील हक्क फक्त नागरिकांना आहे. पण अनुच्छेद २१ ‘व्यक्ती’ला संरक्षण देतो, आणि नायजेरियाचा खेळाडूही व्यक्तीच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा याच अनुच्छेदाचा भाग असल्याचे एकमताने सांगितले. त्यात हस्तक्षेप करायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. तोंडी निरोप पहिल्याच पायरीवर अडतो.

आपल्या प्रश्नाला अगदी जवळचा निकाल ८ जुलै २०२४ चा आहे. अमली पदार्थांच्या खटल्यातील एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना अशी अट घातली गेली होती, की त्याने गूगल मॅपवर आपल्या ठिकाणाची खूण टाकावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कोठे आहे ते कळेल. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ती अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट अनुच्छेद २१ चा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या परदेशी माणसाला जे संरक्षण मिळाले, ते ज्याच्यावर कसलाही आरोप नाही अशा आपल्या भाडेकरूला नाही, असे कोण म्हणू शकेल?

आणखी एक मुद्दा, जो माझ्या मते निर्णायक आहे. मोबाइल चालू असला की तो जवळच्या टॉवरशी आपोआप संपर्क ठेवतो आणि कोणत्या टॉवरवरून फोन झाला याची नोंद कंपनीकडे राहते. डिसेंबर २०२१ पासून या नोंदी किमान दोन वर्षे ठेवण्याचे बंधन आहे. तपासासाठी त्या हव्या असतील, तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी करतात. संभाषण ऐकायचे असेल, तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो आणि त्याचा आढावा समिती घेते. या पद्धतीतही त्रुटी आहेत आणि त्यावर मी वेगळा धागा काढू शकेन. पण तिच्यात कोठेतरी सही असते, तारीख असते, उत्तर देणारा माणूस असतो. ज्या सरकारच्या हाती ही यंत्रणा आहे, त्याला मंगळवार पेठेतील घरमालकाने अनोळखी लिंकवरून अ‍ॅप उतरवून घ्यावे अशी गरज पडण्याचे कारण मला दिसत नाही. मला हा प्रकार पाळतीपेक्षा फसवणुकीचा किंवा खेळाडूला धाकात ठेवण्याचा अधिक वाटतो. अ‍ॅप अजिबात घेऊ नका. ग्रुपवरील संदेश, लिंक आणि परवानग्यांचा पडदा यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर माहिती द्या.

प्रतिसाद, एक सभासद

देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असताना एवढा काथ्याकूट कशाला? व्हिसा संपल्यावरही राहणारे, बनावट कागदपत्रे बाळगणारे परदेशी लोक पकडले जातात, हे आपण वाचतोच. ज्याच्या मनात काही नाही त्याने लोकेशन दाखवावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही आभार.

सुरक्षेचा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी सी फॉर्म भरला. व्हिसा संपल्यावर कोणी राहिले तर ते त्या नोंदीवरूनच कळते. पण माणूस कोणत्या डॉक्टरकडे जातो, रविवारी कोणत्या चर्चमध्ये जातो, कोणाच्या घरी जेवतो, हे सर्व लोकेशनवरून उघड होते, आणि आमच्या बाबतीत ते एखाद्या अधिकाऱ्याला नव्हे तर कोणाचे आहेत हे माहीत नसलेल्या क्रमांकांना उघड होत होते. त्याने देशाची सुरक्षा वाढते असे मला कोणी पटवून दिले, तर मी ऐकून घेईन. मनात काही नसलेल्या माणसालाही खोलीचे दार लावून झोपण्याचा हक्क असतो.

वकील ताईंच्या सल्ल्याप्रमाणे त्याने लोकेशन बंद करून ग्रुप सोडला आहे आणि स्क्रीनशॉट काढून ठेवले आहेत. संघाच्या ज्येष्ठ मंडळींना मी सर्व सांगितले. ते आमच्याबरोबर नोंदणी कार्यालयात यायला तयार आहेत. तेथे द्यायचे पत्र मी मराठीत लिहिले आहे. त्यात एवढेच म्हटले आहे, की नोंदणी आणि सी फॉर्मची पूर्तता झालेली आहे, पत्ता बदलल्यास ताबडतोब कळवू, बोलावल्यास भाडेकरू स्वतः हजर राहील, आणि लोकेशनबाबत आपल्या कार्यालयाचा काही लेखी आदेश असल्यास त्याची प्रत मिळावी. पोहोच घेऊनच परत येऊ.

ताई, दोन गोष्टी राहिल्या. हे पत्र माझ्या नावाने द्यावे की त्याच्या, आणि मध्यस्थाचा उल्लेख पत्रात आत्ताच करावा की केवळ लेखी आदेशाची प्रत मागून थांबावे? त्याचा करार अजून त्याच मध्यस्थाच्या हातात आहे, त्यामुळे उल्लेख केल्यास मुलाचे मानधन अडवले जाण्याची भीती वाटते. शिवाय या पत्राचा इंग्रजी अनुवाद कोणी तपासून देईल का? सही करण्यापूर्वी त्याला प्रत्येक वाक्य नीट वाचता यावे, अशी माझी इच्छा आहे.