भेदभाव, पक्षपात, दुजाभाव, डावलणे : नोकरीच्या कायद्यात कोणता शब्द कुठे?

प्रश्न (मसुदा करणारी, नाशिक)
अंबडच्या एका कारखान्याच्या सूचनाफलकावर लावायचं 'समान संधी धोरण' मराठीत आणते आहे. मूळ मजकुरात 'डिस्क्रिमिनेशन' वारंवार येतं. सगळीकडे 'भेदभाव' लिहायचं, की जागा पाहून 'पक्षपात', 'दुजाभाव', 'सापत्न वागणूक' वापरायचं? फलक वाचणारे हेल्पर, ऑपरेटर आणि ठेकेदाराकडचे कामगार आहेत. उद्या यावरूनच तक्रार झाली तर शब्द टिकायलाही हवा.

भाषांतरकार
'भेदभाव'च ठेवा, आणि सगळीकडे तोच. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 15च्या शीर्षकात हाच शब्द आहे. कायद्याच्या मजकुरात एका कल्पनेला एकच शब्द लागतो. चौथ्या ओळीत 'भेदभाव' आणि नवव्यात 'दुजाभाव' लिहिलात, तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असा युक्तिवाद करायला वाव मिळतो. ललित लेखनातली पुनरुक्ती टाळायची सवय इथे नडते.

बाकीच्या शब्दांच्या छटा वेगळ्या आहेत. दुजाभाव म्हणजे आपल्याला 'दुजा', परका मानणं. सापत्न वागणुकीत घरातलाच असून कमी मिळण्याचं दुःख आहे. कायम आणि ठेकेदारी कामगारांना वेगवेगळं कॅन्टीन असेल तर बोलताना हाच शब्द तोंडी येतो. 'पंक्तिप्रपंच' तर फारच नेमका : एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि शेजारच्याला टाळायचं. तो फलकावर चालणार नाही, पण धोरण समजावून सांगताना जरूर वापरा. तुलना एकाच पंगतीतल्यांशी करायची, हे त्या शब्दातच आलेलं आहे.

कामगार कायद्याचा वकील
'पक्षपात' मात्र समानार्थी म्हणून सोडून देऊ नका, महाराष्ट्रात त्याला स्वतःची जागा आहे. 1971च्या कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाच्या कायद्यात (बोलताना सगळे 'पल्प' म्हणतात) अनुसूची 4ची 5वी बाब आहे : गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं, पक्षपात करणं. इथे जात, लिंग, धर्म असं काही सिद्ध करावं लागत नाही. सारख्याच योग्यतेच्या दोन गटांपैकी एकाला दिलं, दुसऱ्याला दिलं नाही, आणि त्याला पटण्याजोगं कारण नाही, एवढं दाखवावं लागतं. भेदभावाला मात्र आधार लागतो, म्हणजे कशावरून भेद केला ते सांगावं लागतं.

आता 'भेदभाव' या शब्दाची एक अडचण. त्यात 'भाव' आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की साहेबाच्या मनात काय होतं ते सिद्ध करायचं आहे. कायदा मनाशी थांबत नाही. भारताने 1960 मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 111 क्रमांकाच्या करारात व्याख्या परिणामावर बेतलेली आहे : असा कोणताही फरक, वगळणूक किंवा पसंती, जिच्यामुळे संधीची समानता नाहीशी होते किंवा कमी होते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या, लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या प्रकरणात 'अप्रत्यक्ष भेदभाव' ही कल्पना स्पष्ट शब्दांत स्वीकारली. निकष वरवर सगळ्यांना सारखाच होता. पण महिलांना कायम कमिशन (निवृत्तीपर्यंत लष्करात राहता येईल अशी नेमणूक) मिळण्याची सोयच नव्हती त्या काळात लिहिलेले गोपनीय अहवाल त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. हेतू शुद्ध असला तरी परिणाम भेदाचाच झाला. म्हणून धोरणात 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भेदभाव' असं लिहा आणि खाली एक ओळ टाका : हेतू नसला तरी.

युनियन पदाधिकारी, सातपूर
फलकाचं ठीक. तक्रारीच्या अर्जात मात्र नुसता 'भेदभाव' हा शब्दच घात करतो. 'माझ्यावर भेदभाव झाला, अन्याय झाला' असे अर्ज येतात आणि त्यावर काहीच उभं राहत नाही. पहिली चूक व्याकरणाची : भेदभाव 'माझ्यावर' होत नाही, 'माझ्याबाबतीत' होतो किंवा 'माझ्याशी' केला जातो. दुसरी चूक मोठी : घटनाच लिहिलेली नसते.

अर्जात 'डावलणे' वापरा. या क्रियापदाला कर्ता, कर्म, तारीख सगळं जोडावंच लागतं. 'अमुक तारखेच्या यादीत मला डावलून, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या आणि त्याच मशीनवर काम करणाऱ्या तिघांना ग्रेड दिली. त्या वर्षी मी युनियनचा सभासद झालो होतो.' एवढ्या वाक्यात तीन गोष्टी आल्या : काय हुकलं, कोणाच्या तुलनेत, कशावरून. सोबत दोघांच्याही नेमणुकीच्या तारखा, पगार स्लिपा आणि हजेरीचा उतारा जोडा. पल्पखालच्या तक्रारीला घटनेपासून 90 दिवसांची मुदत आहे. साहेब 'बघतो, बघतो' म्हणत राहतात आणि बहुतेकांचे हे दिवस तिथेच संपतात. उशिराचं कारण पटवून माफी मागता येते, पण तिच्यावर विसंबू नये.

वकील
यात एक भर. ठेकेदारी कामगाराने मूळ कंपनीविरुद्ध पल्पखाली थेट तक्रार केली आणि कंपनीने 'हा आमचा कामगारच नाही' असं म्हटलं, तर आधी ते नातं दुसऱ्या मार्गाने ठरवून घ्यावं लागतं. सिप्ला प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आहे. म्हणून धोरणात 'कंपनीचे कर्मचारी' आणि 'कंपनीत काम करणारी प्रत्येक व्यक्ती' यांतलं काय लिहिता, ही शैलीची निवड नाही.

प्रश्न (मसुदा करणारी)
मसुद्यात 'संविधानाच्या अनुच्छेद 16 नुसार' असं एक वाक्य आहे. ते ठेवू?

वकील
काढा. अनुच्छेद 16 सरकारी नोकरीपुरता आहे. त्यातला 'सार्वजनिक' हा शब्द वाचताना निसटतो. खासगी नोकरीत भेदभावाविरुद्ध एकच सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, आधारागणिक कायदा वेगळा आहे. लिंगासाठी वेतन संहिता 2019, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, दिव्यांगत्वासाठी 2016चा अधिनियम, एचआयव्हीसाठी 2017चा, पारलिंगी व्यक्तींसाठी 2019चा. अस्पृश्यतेच्या आधारावर नोकरीला आडकाठी केली तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम 1955 लागतो, तो खासगी मालकालाही. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या गावात 'मज्जाव' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दारातच अडवलं तर मज्जाव, आत घेऊन कमी लेखलं तर भेदभाव, दोन्ही लिहा.

भाषांतरकार
दिव्यांगांच्या कलमात 'रीजनेबल अकॉमोडेशन' येईल. 'वाजवी निवास' असं भाषांतर चुकूनही करू नका, ते चुकीचं आहे. 'वाजवी सोय' म्हणा. ऐकू न येणाऱ्या ऑपरेटरसाठी भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा, चाकाच्या खुर्चीला पोचेल एवढ्या उंचीवर पंचिंगचं यंत्र, ही वाजवी सोय. 2016च्या अधिनियमात भेदभावाच्या व्याख्येतच ती नाकारणं धरलेलं आहे. मात्र अवाजवी बोजा पडेल अशी सोय मागता येत नाही. म्हणजे काही न करणं हाही भेदभाव ठरतो. 'भेदभाव करणे' या क्रियापदात हे मावत नाही, म्हणून 'सोय नाकारणे' वेगळं लिहा. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठीची पदं, निवडीची पद्धत आणि संपर्क अधिकारी हेही यावं लागतं.

युनियन पदाधिकारी
'समान काम, समान वेतन' ही ओळही तपासा. वेतन संहितेत 'समान काम किंवा समान स्वरूपाचं काम' आहे आणि खरा आधार त्या दुसऱ्या भागाचा आहे. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये एकाच टेबलावर बाई मणी काढून घड भरते आणि पुरुष पेटी बंद करून लेबल लावतो. त्याला 'ऑपरेटर' म्हटलं की दर वाढतो. पदाचं नाव गौण आहे. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, आणि उरलेला फरक प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे का, ते पाहायचं. फरक भरून काढायला पुरुषाचा दर खाली आणता येत नाही, बाईचा वर न्यावा लागतो.

प्रश्न (मसुदा करणारी)
मग मुख्य वाक्य असं करते : 'या आवारात काम करणाऱ्या किंवा काम मागणाऱ्या कोणाशीही लिंग, जात, धर्म, दिव्यांगत्व, एचआयव्ही-स्थिती, गरोदरपण किंवा संघटनेचे सभासदत्व या कारणांवरून, हेतू असो वा नसो, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भेदभाव केला जाणार नाही, तसेच दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोय नाकारली जाणार नाही.'

भाषांतरकार
'केला जाणार नाही' या कर्मणी रचनेत कोण करणार नाही तेच हरवलं. 'व्यवस्थापन, पर्यवेक्षक किंवा ठेकेदार यांनी भेदभाव करू नये आणि सोय नाकारू नये' असं करा. आणि 'लिंग'च्या पुढे 'लिंगओळख' घाला, नाहीतर पारलिंगी व्यक्तींच्या 2019च्या अधिनियमातली माणसं फलकाबाहेर राहतील.