आडनाव सोडा, नंबर धरा: मॉरिशसला आलेल्या मूळ पुरुषाचा शोध

मंडळी, नमस्कार.

2024 मध्ये मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) सोय जाहीर झाली, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय: "आमचं आडनाव अमुक, तर गाव कोणतं?" आडनावावरून गाव लागत नाही. मजुरीच्या करारावर भारतातून आलेल्या माणसाचं नाव आणि बापाचं नाव तेवढं नोंदत. पुढे त्याचंच नाव लेकरांचं आडनाव झालं. आजचे बाबाजी, रावजी, गोविंदजी ही घराणी नव्हेत, जहाजातून उतरलेल्या माणसांची नावं आहेत.

आजोबांपासून मागे जा. सिव्हिल स्टेटसकडून (मॉरिशसचं जन्म-विवाह नोंदणी कार्यालय) प्रत्येक पिढीचा जन्म आणि विवाह दाखला घ्या, पण संक्षिप्त उतारा नको, पूर्ण नक्कल मागा. पूर्ण नकलेत आईबापांची वयं, कोठी (म्हणजे उसाचा मळा), साक्षीदार असतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ दाखल्यांवर बापाचा इमिग्रंट नंबर, म्हणजे उतरल्यावर प्रत्येकाला मिळालेला नोंदणी क्रमांक, असतो. तो मिळाला की मोक्याला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या आप्रवासी दप्तरात जायचं. तिथे नंबरापुढे त्या माणसाच्या बापाचं नाव, त्याचं वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, उतरल्याची तारीख. 1867च्या कायद्यानंतरच्या ओळखीच्या तिकिटावरचा फोटोही कधी हाती लागतो.

एकाच जहाजात दोन विठू असले तर बापाचं नाव आणि उंची ताडा. वयावर भरवसा नको, कारकून अंदाजाने लिहायचा.

— पोर्ट लुईहून

*

एक भर घालतो. साखळी बहुतेकदा तुटते ती दुसऱ्या पिढीत. आपल्या रीतीने लागलेलं लग्न तेव्हा सिव्हिल स्टेटसच्या हिशेबी लग्नच नव्हतं, त्यामुळे मूल आईच्या नावावर चढे. बापाने नंतर मान्य केलं तर तशी नोंद होई, नाहीतर नाही. म्हणून बापाच्या नावाने काही सापडेना तर आईच्या नावाने शोधा, तिचाही नंबर असू शकतो. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि "रेकॉर्ड जळालं" म्हणून मोकळे होतात.

सूचीत स्पेलिंगही पाहा. 'उ'ला इंग्रजी वळणाचा कारकून दोन ओ लावी, फ्रेंच वळणाचा ओ-यू. 'व' कधी डब्ल्यू, कधी व्ही. विठूसाठी चार-पाच रूपं आधीच कागदावर काढून न्या.

— फ्लाकहून

*

आता इकडची, महाराष्ट्रातली बाजू. रजिस्टरात नुसतं "बॉम्बे" असेल तर ते निघालेलं बंदर असू शकतं. त्यावरून माणूस मराठी ठरत नाही, मुंबईचा तर नाहीच. परगणा असेल तर सोनं समजा. रत्नागिरीच्या जुन्या विभागांत सुवर्णदुर्ग म्हणजे दापोली-खेडकडचा भाग, अंजनवेल म्हणजे गुहागर-चिपळूणकडचा. सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान होतं. सिंधुदुर्ग जिल्हा 1981चा, म्हणून नोंदीतलं "रत्नागिरी" आज मालवण-देवगडात असू शकतं. एकाच नावाची गावं चार निघतात, वाडीचं नाव असेल तर सोडू नका.

गावात मूळ पुरुषाला शोधू नका. तो निघून गेला, त्याच्यामागे कागद उरत नाही. मागे राहिलेला भाऊ शोधा. त्याचा बाप तोच, आणि तुमच्या रजिस्टरात बापाचं नाव आहेच. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, मागा. वारसाचे जुने फेरफारही पाहा. जुने कागद मोडीत असतात. मोडीत ह्रस्व-दीर्घ भेद नाही आणि शब्दही सुटे नसतात, म्हणून वाचणारा तालुक्यातला असला तर बरा, गावांची नावं त्याला ओळखीची असतात.

कोल्हापूर-सांगलीकडचं कूळ असेल तर हेळव्याला, म्हणजे वंशावळ सांगणाऱ्याला, विचारा. त्याच्या वहीत कुळाच्या पिढ्या असतात, पण तो आपल्या यजमान कुळांचीच सांगतो. कोकणात ही वाट नाही. आणि वहीतली पिढी पुरावा म्हणून दाखल्याला जोडू नका, तो फक्त दुवा.

— कोल्हापूरहून

*

तहसीलकडे अर्ज करताना "सर्व नोंदी द्या" असं लिहू नका, परत येतो. गाव, बापाचं नाव आणि दहा वर्षांचा टप्पा लिहा. मूळ पुरुष 1861 साली वीस वर्षांचा असेल तर भावाच्या लेकरांच्या नोंदी साधारण 1860 ते 1885 मध्ये धरा, आणि टप्प्याटप्प्याने मागा. त्या काळाचं पुस्तक उरलं नसेल तर याच भावाच्या नातवंडांपासून उलटं वर चढा.

— पोर्ट लुईहून