विक्रोळीच्या 'मिस लिलियन' : फलकावर काय लिहावे, काय टाळावे?

वाचनखोली
१५ ऑगस्टला वाचनालयात लिलियन कार्टर यांच्यावर ए-२ आकाराचा मराठी फलक लावायचा आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष (१९७७-८१) जिमी कार्टर यांच्या या आई पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतर्फे विक्रोळीत राहून काम करून गेल्या. सुरुवात कुठून करावी? नेटवर वय, गाव, काम सगळेच वेगवेगळे दिसते.

जुनेकागद
सुरुवात मुलापासून नको. १९६६ च्या अखेरीस त्या इथे आल्या तेव्हा जिमी जॉर्जियाचे गव्हर्नरही झाले नव्हते.

जन्म १५ ऑगस्ट १८९८, रिचलंड, जॉर्जिया. म्हणजे येताना वय ६८. सत्तरी पूर्ण झाली ती विक्रोळीत, १५ ऑगस्ट १९६८ ला. 'सत्तराव्या वर्षी भारतात आल्या' ही चूक बहुधा इथूनच निघते. मुक्काम सुमारे २१ महिने. इंग्रजी पानांवर त्या राहिल्या ती विक्रोळीची गोदरेज वसाहत मुंबईपासून ३० मैलांवर असल्याचे छापलेले असते, ते उचलू नका. सीएसएमटीपासून विक्रोळी रेल्वेने २५ किलोमीटरच्या आत आहे.

हरियाणातल्या कार्टरपुरीशीही गल्लत होते. ३ जानेवारी १९७८ ला जिमी कार्टर तिथे गेले, म्हणून गावाचे नाव बदलले. आईंचे काम मात्र विक्रोळीतले, गोदरेजच्या वसाहतीतले. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी त्या पुन्हा भारतात आल्या होत्या.

परिचर्या
'समाजसेविका' हा शब्द टाळा, 'डॉक्टर' तर नकोच. त्या शिकलेल्या परिचारिका होत्या, अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेल्या. विक्रोळीत आधी कुटुंबनियोजनाचे काम, मग दवाखान्यातले. कुष्ठरुग्णांचीही शुश्रूषा त्यांनी केली.

हे त्यांना नवे नव्हते, आणि फलकावर हेच दिसायला हवे. जॉर्जियातल्या प्लेन्स गावाजवळच्या आर्चरी वस्तीत त्या गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या आजारपणाला जात. काळ्या माणसाने गोऱ्यांच्या घरी मागच्या दारानेच यायचे, असा तिथला दंडक. आर्चरीतल्या काळ्या बिशपांचा मुलगा मात्र त्यांच्याकडे पुढच्या दाराने येई. पती अर्ल यांना ते पटत नसे, ते उठून बाहेर जात. चार मुले, आणि रुग्णाजवळ तासन् तास ड्युटी. मग घरातल्या काळ्या टेबलावर मुलांच्या कामांची चिठ्ठी ठेवून जायचे. कुटुंबाबद्दल लिहायला जागा कमी असेल तर दार आणि चिठ्ठी एवढे दोनच तपशील घ्या, पुरेसे आहेत.

भाषांतरवाली
शब्दांच्या चार जागा सांभाळा.

'प्लेन्स' हे गावाचे नाव आहे, 'जॉर्जियाची मैदाने' करू नका. जॉर्जिया हा देशही आहे, म्हणून एकदा 'अमेरिकेतील राज्य' लिहा. नुसते 'दाक्षिणात्य' लिहिलेत तर आपल्याकडे चेन्नईच डोळ्यांसमोर येते. 'अमेरिकेच्या दक्षिणेतील' असे पूर्ण लिहा. आणि 'मिस' म्हणजे इथे कुमारिका नव्हे. लग्न झालेल्या, वयाने मोठ्या बाईलाही तिकडे आदराने मिस आणि पहिले नाव जोडून हाक मारतात. 'लिलियनबाई' हेच त्याच्या सर्वांत जवळ जाते.

'पीस कॉर्प्स'ही नको, उच्चार 'कोअर'. १९६१ ची ही सरकारी स्वयंसेवक योजना. 'शांतिसेना' म्हटले की लोकांना सैनिक वाटतात.

छपाई
मजकूर १२० ते १५० शब्द, त्याहून जास्त उभ्याने कोणी वाचत नाही. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

फ्लेक्सवाल्याला वर्डची फाइल देऊ नका. कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर टाकला की जोडाक्षरे फुटतात, 'विक्रोळी'चे 'विक् रोळी' होते. फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ द्या, आणि छापण्याआधी त्याच्या संगणकावर 'क्रो', 'र्ज', 'ष्ठ' डोळ्यांनी तपासा.

वाचनखोली
पहिले वाक्य असे करतो : 'वयाच्या ६८ व्या वर्षी परिचारिका लिलियन कार्टर विक्रोळीच्या दवाखान्यात रुजू झाल्या.'

परिचर्या
'दवाखान्यात' काढा, 'विक्रोळीत कामावर रुजू' करा. दवाखान्याचे काम नंतरचे.