कॉन्टॅक्ट सुटलेली कॅप: लो-फ्यूजिंग (कमी आचेवर वितळणारी सिरॅमिक पावडर) लावून दुरुस्त करावी की नवीनच करावी?

मिरजेचा सिरॅमिस्ट
मी लॅबमध्ये दातांच्या कॅपा बनवतो. परवा साताऱ्याहून एसटी पार्सलनं एक मेटल-सिरॅमिक कॅप (आत धातू, वर सिरॅमिक) परत आली. खालची पहिली दाढ. सोबत चिठ्ठी: 'मागच्या बाजूला कॉन्टॅक्ट नाही, फ्लॉस सरळ आरपार जातो. नवीन करून द्या.' मॉडेलवर बसवून पाहिली. कडा चोख, चावा बरोबर, शेड डॉक्टरांनीच पास केलेली. शेजारच्या दाढेला टेकायला फक्त केसभर सिरॅमिक कमी पडत होतं. एवढ्यासाठी अख्खी कॅप भंगारात टाकायची हे मला पटत नाही, म्हणून लिहितोय.

मूळ पावडर ९०० ते ९५० अंशांच्या आसपास भाजलेली असते. तीच पुन्हा लावून तेवढीच आच दिली की आधीचे कंगोरे बोथट होतात, शेड हलते. करेक्शनची लो-फ्यूजिंग पावडर ८५० च्या खालीच वितळते, म्हणून जुना थर जागचा हलत नाही. मी त्या जागेवरचं ग्लेझ (वरचा चकचकीत थर) डायमंडच्या बारीक घासणीनं उतरवलं, कॅप वाफेनं धुतली, ब्रशच्या टोकावर मावेल एवढी पावडर ठेवली, टिश्यूनं पाणी टिपलं. मग फर्नेसच्या तोंडाशी ती खडूसारखी पांढरी होईपर्यंत थांबलो. इथं घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन सगळं उडून जातं. बेक झाल्यावर रबरनं पॉलिश केली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत पाठवली. हे काम चुकीचं कसं, ते कुणीतरी सांगा.

सातारचा दंतवैद्य
ती कॅप माझी नव्हे, पण मीही 'नवीन करा' असंच लिहिलं असतं. कॉन्टॅक्ट सुटलाच का, हे आधी विचारा. माप काढताना मटेरियल ओढलं गेलं असेल तर चूक फक्त शेजारच्या बाजूला नसते, कडेलाही असते. तुमच्या मॉडेलवर कडा चोख दिसणारच, मॉडेलच त्या मापावरून ओतलंय.

दुसरं, वितळण्याचं तापमान खाली आणायला काचेत सोडा-पोटॅश वाढवावं लागतं. त्यानं काचेची वीण सैल होते आणि लाळेत, आंबटात ती जास्त झिजू शकते. आणि तुम्ही तो थर लावताय नेमका दोन दाढा रोज एकमेकींवर घासतात त्या जागी. पेशंट नव्या कॅपचे पैसे मोजतो, ठिगळाचे नव्हे.

मिरजेचा सिरॅमिस्ट
डॉक्टर, 'ठिगळ' शब्द लागला. मूळ कॅपही थरावर थर चढवूनच होते. धातू झाकणारा ओपेक, मग डेंटिन, एनॅमल, ग्लेझ, प्रत्येक वेळी भट्टीत. हा आणखी एक थर.

कडेबद्दल मान्य. पण ती दातावर एक्सप्लोरर (तपासायची टोकदार सळई) फिरवून तुम्हीच तपासायची. कडा बसत नसेल तर मीच म्हणेन, नवीन माप पाठवा. कडा बसते आणि कॉन्टॅक्टच तेवढा नाही, तेव्हा नव्या मापासाठी पेशंटच्या हिरडीत पुन्हा दोरा भरून रक्त काढायचं कशाला? झिजण्याचं म्हणाल तर या सिरॅमिकमध्ये ल्युसाइटचे खडे (काचेतले कठीण स्फटिक) बारीक आणि कमी असतात, पॉलिश छान येते, समोरच्या दाताला कमी खरडतं. ही बाजूही सांगा की.

तासगावची लेक
मी यातली नाही, पण आईच्या दाढेला महिन्यापूर्वी नवी कॅप बसवली. भाकरी खाल्ली की कण दोन दाढांमध्ये अडकतात, रोज काडी घेऊन बसते. हिरडी सुजलीय. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. असल्या अडकण्याची सवय कशी होणार? दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करा, नवीन लागत असेल तर नवीन, पण काय केलं ते आम्हाला सांगा.

सांगलीचा प्रोस्थो शिकवणारा
ताई, मी प्रोस्थो, म्हणजे कॅपा-कृत्रिम दातांचा विषय शिकवतो. सवय होत नाही. अन्न दाबून बसत राहिलं तर हिरडीखालचं हाडही झिजू शकतं.

सिरॅमिस्टदादांच्या बाजूनं मी निम्माच आहे. दुरुस्तीची पावडर खालच्या मटेरियलच्या प्रसरणाशी जुळायला हवी. मेटल-सिरॅमिकच्या धातूचा प्रसरण गुणांक (एका अंशानं तापल्यावर दहा लाखांत किती भाग फुगतो) साधारण १४, झिरकोनियाचा साडेदहाच्या आसपास, टायटॅनियमचा त्याहून कमी. मेटल-सिरॅमिकची पावडर झिरकोनियावर लावली तर आज नाही उद्या तडा जाणारच. टायटॅनियम तर ८८२ अंशांना आपली स्फटिकरचनाच बदलतं, त्याला कमी तापमानाचंच सिरॅमिक लागतं. आणि प्रत्येक फायरिंगनं आतला ल्युसाइट थोडा बदलतो, म्हणजे जुळवलेलं प्रसरणही. एकदा करेक्शन ठीक, तिसऱ्यांदा तीच कॅप आली तर नवीनच करा.

तोंडात राहिलेली कॅप भट्टीत घालायला माझा ठाम विरोध आहे.

मिरजेचा सिरॅमिस्ट
सर, हे मी सोसलंय. सहा वर्षं वापरलेला ब्रिज, पुढच्या दाताचा टवका गेलेला. डॉक्टर म्हणाले थोडं लावून द्या, मीही धुऊन सरळ फर्नेसमध्ये ठेवला. बाहेर आला तेव्हा राखाडी झालेला, वर फोड आणि जोडाजवळ तडा. सिरॅमिकनं इतक्या वर्षांत ओल धरलेली असते, हे तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. नवीन ब्रिज माझ्या खर्चानं दिला.

सातारचा दंतवैद्य
हे मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. माझं मत तरीही नवीन कॅपचंच. करेक्शन करणारच असाल तर बिलावर लिहा, म्हणजे मी पेशंटला सांगू शकेन.

मिरजेचा सिरॅमिस्ट
या महिन्यापासून लिहितो.

तासगावची लेक
एक विचारू? आईची कॅप अजून तात्पुरत्या सिमेंटवरच आहे, निघते म्हणाले. मग ती भट्टीत जाईल का?

सांगलीचा प्रोस्थो शिकवणारा
महिनाभर तोंडात आहे, म्हणजे ओल धरलेली असणार. डॉक्टरांना सांगा, लॅबच्या चिठ्ठीत 'तोंडात वापरलेली' असं लिहायलाच हवं. आतलं सिमेंट पूर्ण काढून, कित्येक तास मंद आचेवर वाळवल्याशिवाय तिला आच दाखवायची नाही, आणि तरीही धोका उरतोच. तुमच्या आईसाठी मी नवीन कॅपच सुचवेन. तोवर काडी नको, छोटा इंटरडेंटल ब्रश घ्या.