काजू युनिट बाईच्या नावावर: बँक आणि बी खरेदी, दोन्हीकडे ‘मालक कुठे?’

सावंतवाडी_गर:
छोटं युनिट, हंगामाला 10 टन बी (कच्चा, सालीतला काजू). फोडणी, सोलणी, प्रतवारी सगळं बायकांच्याच हातात. पण बी घ्यायला गेलं की दलाल ‘दादांना पाठवा’ म्हणतो आणि बँक नवऱ्याचा जामीन मागते. कुठून सुरुवात करावी?

खातेवही:
ताई, आधी मोबाईल नंबर बघा. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटी, बँक खातं या तिन्हींचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येत असेल तर धंदा कागदापुरताच तुमचा. तो बदला. नावापुरत्या बाया उभ्या करून अनुदान उचलण्याचे प्रकार होतात, म्हणून मॅनेजरही खोदून विचारतो. उतारा (बीच्या वजनात गर) किती, बी किती महिने पुरते, याची उत्तरं तुमच्याच तोंडून यायला हवीत. शेजारी बसलेला माणूस बोलला की फाईल खाली जाते.

सूक्ष्म-लघु उद्योगाच्या किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सीजीटीएमएसई (लघुउद्योगाच्या कर्जाला हमी देणारा सरकारी निधी) हमीखालच्या कर्जाला तिऱ्हाइताचा जामीनही चालत नाही. तरी मागितला तर ‘लेखी द्या’ म्हणा. अर्जाची पोच घ्याच.

पीएमईजीपी, म्हणजे नवा उद्योग उभारायची केंद्राची कर्ज-अनुदान योजना, तिच्यात महिलांना ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, स्वतःचे 5 टक्के. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत. अनुदान 3 वर्षं ठेव म्हणून अडकतं, त्यातून बी घ्यायचा बेत नको. बी किलोला 120 रुपये धरली तर 10 टनांना 12 लाख, तेही मार्च ते मे या तीन महिन्यांत. म्हणून मशीनच्या कर्जाबरोबरच खेळतं भांडवल मागा. इथेच बहुतेकजणी अडतात.

वेंगुर्ला_सात:
दलालाशी वाद घालू नका, त्याच्यासमोर बी फोडा. अडकित्ता आणि वजनकाटा सोबत न्या. चार-पाच पोत्यांतून वर, मध्ये, तळाशी हात घालून बी काढा, मिसळा, 1 किलो तोला. आधी बिया मोजा, मग सगळ्या फोडा. चांगला गर पूर्ण, डागी आणि सुरकुतलेला निम्मा धरायचा, पोकळ व किडका शून्य. 250 ग्रॅम भरला तर उतारा 25 टक्के. हे वजन सालीसकट असतं, सुकवून सोलल्यावर आणखी घटतं.

ओल्या बीत लोक बुडतात. 16 टक्के ओलाव्याची 100 किलो बी 8 टक्क्यांवर सुकवली की 91 उरते, म्हणजे 9 किलोचे पैसे पाण्यात. शिवाय ओली बी थप्पीत काळी पडते. सुकी बी हलवली की खुळखुळते. गप्प राहिली तर भाव पाडा.

खातेवही:
जोडून सांगतो, जीएसटी नोंदणी असेल तर शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीवरचा कर रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा आणि नंतर क्रेडिट घ्यायचं (विक्रीवरच्या करातून वजा करायचा). ही रोख रक्कम आधी लागते.

पाकळी_तुकडा:
विकताना ‘ह्यांना विचारून सांगते’ अजिबात नको, पुढल्या वेळी व्यापारी थेट ‘ह्यांना’च फोन लावतो. प्रतवारीप्रमाणे खालचा भाव घरूनच वहीत लिहून न्या. 320 ही प्रत म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 गर. नमुना तिथेच मोजून दाखवा.

वेंगुर्ला_सात:
अर्धवट पटलं. ‘भागीदाराशी बोलते’ ही वेळ काढायची जुनीच युक्ती, पुरुषही वापरतात. फक्त भागीदार नवरा आहे हे सांगायची गरज नाही.